ग्रंथ कोठें संपतो? : वाङ्मयाच्या वरच्या वर्गाचा वर्षअखेरीचा पाठ

पौष महिना लागला म्हणजे बारावीच्या वर्गांत एक वाक्य वरचेवर कानीं पडूं लागतें : ‘मराठीचा पोर्शन संपला.’ विद्यार्थी हें वाक्य समाधानानें बोलतात, पालक तें ऐकून निर्धास्त होतात, आणि खरें सांगावयाचें तर शिक्षकही सुस्कारा सोडतात. फेब्रुवारी-मार्चमधील बोर्डाच्या परीक्षेकरितां मग उजळणी तेवढी उरते. परंतु संपला म्हणजे नेमकें काय झालें? शेवटच्या धड्याचें शेवटचें पान उलटलें, कीं शेवटच्या प्रश्नाचें उत्तर वहींत उतरलें, कीं त्या धड्याला जें सांगावयाचें होतें तें मनांत उतरलें? गणितांत उत्तर आलें म्हणजे उदाहरण सुटलें. वाङ्मयांत तसें होत नाहीं. येथें शेवट हा स्वतःच अभ्यासाचा विषय आहे, आणि वर्षाच्या शेवटीं तोच हातीं घ्यावा असें मला वाटतें. त्याचीं उत्तम उदाहरणें शोधण्यास पुण्या-मुंबईसही जावें लागत नाहीं. त्यांतलीं बरीचशीं महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या हद्दींतच सांपडतात.

आधीं आपल्या भाषेकडे पाहूं. शेवटाला आपल्याकडे एकच शब्द नाहीं, पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाची जागा निराळी. व्रताची सांगता होते, पोथीची समाप्ति होते, नाटकाला भरतवाक्य असतें, श्रावणांतली कहाणी सुफळ संपूर्ण होते. नारळ आपण फोडीत नाहीं, वाढवितों. घरांतून बाहेर पडणारा माणूस ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतो. यांत अशुभ टाळण्याची रीत तेवढी आहे असें कोणी म्हणेल. असेलही. तथापि जी भाषा निरोपाच्या क्षणीं पुढच्या भेटीचा शब्द उच्चारते, त्या भाषेच्या कवींनीं आपलीं काव्यें कशीं संपविलीं हें पाहण्यासारखें आहे.

सर्वांच्या परिचयाचें उदाहरण प्रथम घेऊं. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, नेवासें येथें ज्ञानेश्वरी पुरी झाली. अठरावा अध्याय संपतां संपतां पसायदान येतें. तें शाळाशाळांतून म्हटलें जातें, त्यामुळें ती एक स्वतंत्र प्रार्थनाच आहे असा अनेकांचा समज असतो. तो एका मोठ्या ग्रंथाचा शेवट आहे असें वर्गांत सांगितलें म्हणजे मुलें चकित होतात. नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगून झाल्यावर ग्रंथकार आपण काय काय सांगितलें याची उजळणी करीत नाहीं. तो मागणें मागतो, आणि तें स्वतःकरितां नव्हे. त्यानंतर ग्रंथ कोठें झाला, केव्हां झाला, कोणीं लिहून घेतला याची नोंद येते; लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचें नांवही तेथें आहे. इतकें रीतसर मिटूनही ग्रंथ मिटला नाहीं. पुढें २९४ वर्षांनीं, शके १५०६ मध्यें, एकनाथांनीं त्याचा पाठ शुद्ध करावयास घेतला. म्हणजे ग्रंथकाराचा शेवट हा संशोधकाचा आरंभ ठरला.

आतां आपल्या अंगणांत येऊं. महाड तालुक्यांत शिवथरघळ आहे. दासबोधाची रचना तेथें झाली अशी समर्थ संप्रदायाची परंपरा असून धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं ती जागा शोधून काढली. पावसाळ्यांत घळीच्या तोंडावर धबधबा कोसळत असतो; आपल्यापैकीं बहुतेकांनीं तो पाहिला आहे, आणि बहुतेकांनीं तेवढाच पाहिला आहे. दासबोधाचे दशक वीस, समास दोनशें, ओव्या साडेसात हजारांहून अधिक. मात्र एक गोष्ट ध्यानांत घ्या. सातव्या दशकाच्या दहाव्या समासांत ग्रंथाचा शेवट जवळ आला असें ग्रंथकार स्वतःच सांगतो. शब्दांची खटाटोप सरली, आतां आवरतें घ्यावयाचें, अशी भाषा तेथें आहे. आणि पुढें पान उलटावें तों आठवा दशक! त्यापुढें आणखी बारा. मूळचा ग्रंथ सात दशकांचा असावा व पुढचा भाग नंतर वाढत गेला असावा असें अभ्यासकांचें मत आहे, तें याच खुणेवरून. पोथीची पारायणें करणाऱ्या कितीएक घरांत ही खूण ध्यानीं येत नाहीं, कारण पारायण करणाऱ्याचें लक्ष पानांच्या संख्येकडे असतें. आमच्या विद्यार्थ्यांचें लक्ष गुणांकडे असतें, इतकाच काय तो फरक. ज्यांच्या घरीं दासबोध आहे त्यांनीं सातव्याचा दहावा आणि विसाव्याचा दहावा हे दोन समास एका बैठकींत वाचावे. एकाच हातानें केलेले दोन शेवट शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याची अशी संधि फार ग्रंथांत मिळत नाहीं.

शाहिराची रीत याहून निराळी. पोलादपूर तालुक्यांतील उमरठें हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव. त्यांची समाधि तेथें आहे. १६७० सालीं सिंहगडावर ते पडले, आणि तुलसीदास शाहिरानें त्यांचा पोवाडा रचला. हा आणि असे अनेक पोवाडे अ‍ॅक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम या दोघांनीं गोळा करून १८९१ सालीं छापले, तोंवर ते गोंधळ्यांच्या तोंडींच होते. पोवाड्यांत शेवटीं शाहीर आपलें नांव गुंफतो. हा मानाचा हव्यास नव्हे. ज्या गाण्याला पान नाहीं, छाप नाहीं, त्याची मालकी सांगण्यास दुसरी जागाच नसते. अभंगांतील नाममुद्रेचेंही कारण पुष्कळ अंशीं हेंच.

परंतु या सगळ्यांहून मला अधिक मोलाचा वाटतो तो एक ग्रंथ, जो संपलाच नाहीं. पोलादपूर येथें कवींद्र परमानंदांची समाधि आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या शेंकडों गाड्या त्या गांवीं थांबतात, चहा होतो, गाड्या पुढें निघतात. समाधि कोणाची हें विचारलें तर गांवांतील मुलेंसुद्धां कधीं कधीं घुटमळतात. परमानंद हे शिवाजी महाराजांच्या पदरचे संस्कृत कवि. नेवासकर हें त्यांचें उपनांव, म्हणजे ज्या गांवीं ज्ञानेश्वरी पुरी झाली त्याच गांवचे हे. त्यांनीं महाराजांचें चरित्र संस्कृत श्लोकांत रचलें, तें ‘शिवभारत’. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयांतील पोथीवरून तें मराठी भाषांतरासह १९२७ सालीं प्रसिद्ध केलें. ज्या वर्षीं महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तेंच हें वर्ष.

शिवभारताची मांडणी पुराणासारखी आहे. काशीचे पंडित प्रश्न विचारतात, कवींद्र उत्तरें देत कथा सांगतात. प्रत्येक अध्यायाच्या शेवटीं, हा एक लक्ष श्लोकांच्या संहितेंतील अमुक अध्याय झाला, अशी नोंद आहे. म्हणजे योजना महाभारताएवढी! हातीं आहेत ते एकतीस अध्याय पुरे आणि बत्तिसाव्याचे नऊ श्लोक. अफजलखानाचा प्रसंग आहे, पन्हाळ्याचा वेढा आहे, उंबरखिंडीची लढाई आहे. १६६१ च्या सुमारास शृंगारपूरच्या बाजूस कथा पोहोंचते आणि तेथें तुटते. आग्रा नाहीं. राज्याभिषेक नाहीं. १६७४ मध्यें तो सोहळा झाला तो रायगड याच तालुक्यांत उभा आहे. त्याहून विशेष म्हणजे १६६६ सालीं कवींद्र महाराजांबरोबर उत्तरेस गेले होते असें राजस्थानी पत्रांवरून कळतें. म्हणजे जें त्यांनीं जवळून पाहिलें तेंच त्यांच्या काव्यांत यावयाचें राहिलें.

हा ग्रंथ वर्गांत सांगितला असतां एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, मग ते पंडित अजून बसूनच असतील?” वर्ग हंसला, पण प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कथेच्या आंत पाहिलें तर तिचें म्हणणें अगदीं खरें आहे. श्रोते गंगेच्या कांठीं बसले आहेत, वक्ता बोलतो आहे, आणि वाक्य वाऱ्यावर राहिलें आहे. आतां अभ्यासकाच्या बाजूनें पाहूं. ग्रंथ अपुरा दिसला म्हणजे दोन शक्यता तपासावयाच्या : कवि थांबला, कीं नकल करणारा थांबला? पुऱ्या झालेल्या प्रत्येक अध्यायाला समाप्तीची नोंद आहे आणि बत्तिसाव्याला नाहीं, यावरून एवढें निश्चित कीं ही तोड मुद्दाम साधलेली नव्हे. दमून थांबणारा कवि निदान अध्याय तरी मिटवितो. अशा बारीक खुणा पाहून अनुमान करणें यालाच ग्रंथपरीक्षण म्हणतात, आणि तें बारावीच्या विद्यार्थ्यांच्या आवांक्याबाहेरचें मुळींच नाहीं. पुढें परमानंदांच्या घराण्यांतच संस्कृत काव्यरचना चालू राहिली. संभाजी महाराज व राजाराम महाराज यांच्या काळावरील ‘परमानंदकाव्य’ १९५२ सालीं बडोद्याहून छापून निघालें. बापाचें वाक्य तुटलें, तें पुढच्या पिढीनें आपल्या परीनें उचललें.

तंजावरच्या पोथीवरून आणखी एक विचार मनांत येतो. कवि रायगडाच्या परिसरांत निजला, आणि त्याचा ग्रंथ वांचला तो दूर कावेरीच्या मुलुखांत, कोणीतरी नकल करून ठेवली होती म्हणून. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्री व गांधारीचें पाणी महाडच्या घराघरांत शिरलें, तेव्हां कागदाचें काय होतें हें आपण डोळ्यांनीं पाहिलें. एक प्रत एका घरीं, ही ग्रंथ राखण्याची रीत नव्हे.

अपुरें काव्य वाचकांना सहन होत नाहीं. पुरें झालेलेंही पुष्कळदां होत नाहीं. महाड तालुक्यांतील नातें येथें १८९६ सालीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढें देशाचे अर्थमंत्री म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेंत ते मुंबई विद्यापीठांत पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. आंकड्यांच्या या पंडितानें कालिदासाचें ‘मेघदूत’ मराठींत आणलें आहे, हें मात्र फार थोड्यांस माहीत असतें. मेघदूत संपतें तेव्हां यक्ष अजून रामगिरीवरच आहे. निरोप सांगून झाला. तो पोंचला कीं नाहीं, दोघें भेटलीं कीं नाहीं, कालिदास बोलत नाहीं. ही गोष्ट कांहीं जुन्या रसिकांच्या जिवाला इतकी लागली, कीं कांहीं पोथ्यांत शेवटीं जादा श्लोक आढळतात. त्यांत कुबेराला निरोपाची वार्ता कळते, त्याचा राग निवळतो, शाप सरतो आणि दोघांची भेट होते. संपादकांनीं ते श्लोक प्रक्षिप्त ठरविले, आणि तें योग्यच झालें. परंतु ज्या अनामिकानें ते रचले त्याच्यावर मला रागावतां येत नाहीं. त्यानें चांगल्या वाचकाचें काम केलें आणि वाईट संपादकाचें. वाचतांना त्याचें मन द्रवलें, हें योग्य. तें कालिदासाच्या नांवावर खपविलें, हें अयोग्य. तुम्हांला एखादी कथा अर्ध्यावर सोडून गेलीशी वाटली, तर पुढचें अवश्य लिहावें. खालीं नांव मात्र स्वतःचें घालावें.

दुसऱ्याचें काम उघडपणें पुरें केल्याचें उदाहरण आपल्या वाङ्मयांत आहे, आणि तें एका स्त्रीचें आहे. कवि नारायण वामन टिळक यांनीं येशूच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हें ओवीबद्ध महाकाव्य आरंभिलें. १९१९ मध्यें ते निवर्तले तेव्हां आरंभीचे दहा-अकरा अध्यायच काय ते झाले होते. उरलेलें काव्य लक्ष्मीबाई टिळकांनीं पुरें केलें, आणि तो भाग टिळकांच्या भागाच्या कितीतरी पट मोठा आहे. या बाई शाळेंत शिकलेल्या नव्हत्या. लग्नानंतर नवऱ्यानें अक्षरें गिरवून घेतलीं, तींही मधून मधून, तंटे होत होत. त्यांची ‘स्मृतिचित्रें’ ज्यानें वाचलीं आहेत त्याला हें सांगावयास नको. ज्यानें वाचलीं नसतील त्याचा मला हेवा वाटतो, कारण त्याला तीं प्रथम वाचावयाचीं आहेत. काव्यदृष्ट्या दोघांच्या ओव्यांत फरक आहे. टिळकांची ओवी संस्कृताकडे झुकते, लक्ष्मीबाईंची घरांतल्या बोलीकडे. परंतु जेथें जोड आहे तेथें ती लपविलेली नाहीं.

दासगांवचे रामचंद्र बाबाजी मोरे यांचीही हकीगत याच ओळींत बसते. महाडच्या १९ व २० मार्च १९२७ च्या परिषदेच्या तयारींत ते अग्रभागीं होते. १९१४ सालीं अलिबागेस शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत हा मुलगा उत्तीर्ण झाला असतां महाडांत त्याला अस्पृश्य म्हणून शाळेंत घेईनात. त्यानें तें वर्तमानपत्रांत लिहून पाठविलें, तेव्हां प्रवेश मिळाला, तोही वेगळें बसण्याच्या अटीवर. उतारवयांत त्यांनीं आत्मचरित्र लिहावयास घेतलें, पण तें बालपणाच्या व तरुणपणाच्या पुढें फारसें गेलें नाहीं. १९७२ मध्यें ते वारले. पुढचें चरित्र त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनीं लिहिलें, आणि दोन्ही मिळून २०१९ सालीं इंग्रजींतही पुस्तक आलें. येथें ‘मी’ म्हणणारा आवाज एका जागीं थांबतो आणि ‘बाबा’ म्हणणारा सुरू होतो. आत्मचरित्र आणि चरित्र यांतील भेद शिकविण्यास याहून चांगलें पुस्तक मला ठाऊक नाहीं. आपल्याच गाडीरस्त्यावरचें गांव, म्हणून विद्यार्थ्यांना तें परकेंही वाटत नाहीं.

आतां परीक्षेविषयीं थोडें. रसग्रहणाच्या उत्तरांत आमचे विद्यार्थी शेवटच्या परिच्छेदांत ठराविक वाक्य लिहितात : कवीला या कवितेंतून अमुक संदेश द्यावयाचा आहे. शंभरांतील नव्वद वह्यांत तें असतें, आणि बहुधा मार्गदर्शकांतून जसेंच्या तसें आलेलें असतें. कवीला संदेशच द्यावयाचा असता तर त्यानें पोस्टकार्ड लिहिलें असतें. त्याऐवजीं कवितेची अखेरची ओळ समोर ठेवावी आणि तीन गोष्टी पाहाव्या. ही ओळ आरंभीच्या ओळीकडे परत वळते काय? बोलणारा शेवटीं कोणाशीं बोलतो : स्वतःशीं, देवाशीं, कीं आपल्याशीं? आणि ही ओळ खोडली तर कवितेचें काय बिघडतें? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘कांहीं नाहीं’ असें आलें, तर तसेंही धीटपणें लिहावें. मोठ्या कवींचेही शेवट कधीं कधीं पाल्हाळ असतात. गुण कापले जातील ही भीति मला वाटत नाहीं. परीक्षक त्याच त्या वाक्याला फार कंटाळलेला असतो.

पालकवर्गास एक विनंति. परीक्षा संपली कीं दुसऱ्या दिवशीं मराठीचें पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यांत बांधलें जातें. विज्ञानाचीं पुस्तकें कोणीतरी मागून नेतो, मराठीचें वजनावर जातें. निदान तेवढें एक घरांत राहूं द्यावें. दुसरें असें कीं, आपल्या भागांत मुलगा बारावी झाला म्हणजे मुंबईच्या वाटेला लागतो किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतींत चिकटतो, आणि मुलीविषयीं ‘पुरें झालें तिचें’ असें बोललें जातें. घरची ओढाताण मी जाणतों. कॉलेजचा खर्च, एस.टी.ची वेळ, घाटांतला पावसाळ्याचा रस्ता, हीं कारणें खोटीं नव्हेत. कोणी कोठवर शिकावें हें येथें बसून मी ठरवूं शकत नाहीं. परंतु शिक्षण जेथें थांबवावें लागेल तेथें वाचन थांबविण्याचें कारण नसतें, आणि त्याला खर्चही फारसा नाहीं. पुरें झालें असें वडीलधारीं माणसें म्हणतात तेव्हां मुली तें शब्दशः खरें धरतात, हें मात्र मीं वर्गांत पाहिलें आहे. निकालानंतर भेटण्यास येतात त्या बिचकत येतात, आणि ग्रंथालयांतून पुस्तक न्यावयाचें का म्हणून विचारलें तर ‘आतां कशाला, सर?’ म्हणतात. तुम्हीं घरीं एक शब्द निराळा वापरलात तर हें उत्तरही निराळें येईल.

वर्गाला या वर्षीं सुट्टीचा अभ्यास दिला आहे, तो येथें पालकांच्या माहितीसाठीं देतों. शिवभारताच्या एकतिसाव्या अध्यायाचें व बत्तिसाव्यांतील नऊ श्लोकांचें मराठी भाषांतर वर्गाच्या कपाटांत ठेवलें आहे. तें प्रत्येकानें स्वतःच्या हातानें उतरून घ्यावयाचें आहे. ज्यांना जमेल त्यांनीं पोलादपुरास जाऊन समाधि पाहून यावी. मग दहावा श्लोक कसा असावा तें मराठींत चार ओळींत लिहावें. काशीच्या एका पंडिताच्या तोंडीं प्रश्न घातला तरी चालेल. खालीं नांव, गांव आणि तारीख घालावी. दोन प्रती कराव्या : एक स्वतःच्या घरीं ठेवावी, दुसरी दुसऱ्या गांवच्या वर्गमित्राकडे द्यावी. गुणपत्रिका नेण्यास शाळेंत यावयाचेंच आहे. त्या दिवशीं वही बरोबर आणावी.